रंगीत कांच आणि खरें चित्र

ज्यांस आकाशाचा नाद लागला आहे अशा विद्यार्थ्यांची संख्या आमच्या उपनगरांत वाढत चालली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पूर्वीं दुर्बीण म्हटली कीं ती वेधशाळेंतच असावयाची. आतां अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील कित्येक इमारतींच्या गच्च्यांवर सायंकाळीं एखादी लहानशी दुर्बीण तीन पायांवर उभी दिसते, तिच्याभोंवतीं चार-पांच मुलें जमलेलीं असतात, आणि त्यांच्या मागें एखाद्याचे वडील आपली पाळी केव्हां येते याची वाट पाहत असतात. दुर्बिणीस कॅमेरा जोडून ग्रहांचीं छायाचित्रें घेण्याचा छंदही यांपैकीं पुष्कळांस जडला आहे. शाळेच्या प्रदर्शनांत गुरु, शनि व मंगळ यांचीं अशीं कांहीं चित्रें भिंतीवर लागलीं होतीं आणि पालकमंडळींनीं तीं मोठ्या कौतुकानें पाहिलीं.

आम्हींही तीं पाहिलीं. परंतु आनंदाबरोबर आमच्या मनांत थोडी काळजीही उत्पन्न झाली. प्रत्येक चित्राखालीं विद्यार्थ्याचें नांव होतें, इयत्ता होती, दुर्बिणीची किंमतही एके ठिकाणीं होती. पण तें चित्र कोणत्या तारखेस, किती वाजतां, आणि कोणत्या रंगाच्या कांचेंतून घेतलें, हें एकाही चित्राखालीं लिहिलेलें नव्हतें. एका मंगळावर हिरवे डाग फारच उठून दिसत होते. त्याविषयीं विचारतां उत्तर मिळालें कीं, संगणकावर थोडा रंग वाढविला म्हणजे शोभा येते. हें उत्तर देणारा मुलगा लबाड नव्हता. उलट तो मोकळ्या मनाचा व मेहनती होता. शोभा आणणें म्हणजेच चित्र सुधारणें, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. ही समजूत दूर व्हावी, आणि तिच्या जागीं रंगीत कांचेचा, म्हणजे फिल्टरचा, योग्य उपयोग यावा, एवढ्याचसाठीं हा लेखप्रपंच आहे.

प्रथम एका सबबीचा विचार करूं. 'मुंबईंत दिव्यांच्या झगझगाटामुळें आकाश दिसतें कोठें?' असें म्हणून पुष्कळ मुलें हात टेंकतात. आकाशगंगेच्या किंवा अंधुक तेजोमेघांच्या बाबतींत ही तक्रार खरी आहे. म्हणूनच मुंबईंतील खगोल मंडळासारख्या हौशी संस्था लोकांस रात्रभर तारे दाखविण्यासाठीं वांगणीसारख्या दूरच्या ठिकाणीं नेत आल्या आहेत. पण ग्रहांची गोष्ट निराळी आहे. गुरु, शुक्र व मंगळ हे इतके तेजस्वी आहेत कीं, अंधेरी स्टेशनाबाहेरील दिव्यांतही ते डोळ्यांस दिसतात. ग्रहांच्या चित्रास अंधाऱ्या आकाशाची तितकी गरज नसते. गरज असते ती स्थिर हवेची, आणि ती कधीं कधीं शहरांतही लाभते. २१ डिसेंबर २०२० रोजीं गुरु व शनि एकमेकांच्या अगदीं जवळ, एक अंशाच्या दहाव्या भागाएवढ्या अंतरावर, आले. तेव्हां तो देखावा पाहावयास रान गांठण्याची गरज नव्हती. तात्पर्य, उपनगरांतील विद्यार्थ्यास ग्रहांचा अभ्यास करतां येत नाहीं असें नाहीं. तो कसा करावा एवढाच प्रश्न आहे.

आतां फिल्टर म्हणजे काय तें पाहूं. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशांत सर्व रंग मिसळलेले असतात, आणि ग्रहांवरून आपणांकडे येणारा प्रकाश हा सूर्याचाच परावर्तित प्रकाश होय. लाल कांच लाल प्रकाश तेवढा पुढें जाऊं देते व बाकीचा अडविते. निळी कांच निळ्यास वाट देते व लालास थोपविते. घरीं पीठ चाळतांना चाळणी पिठांत कांहीं घालीत नाहीं, ती कोंडा तेवढा मागें ठेविते. त्याप्रमाणें ही कांच चित्रांत रंग भरीत नाहीं, उलट कांहीं रंग काढून घेते. हा मुद्दा आमच्या विद्यार्थ्यांनीं पक्का ध्यानांत ठेवावा. रंगीत कांचेनें चित्र रंगीत होतें असें समजणारा मनुष्य तिचा उपयोग कधींच शिकणार नाहीं. बाजारांत या कांचांवर जे क्रमांक असतात ते इंग्लंडांतील फ्रेडरिक रॅटन यांच्या नांवानें चालत आले आहेत. त्यांची कंपनी १९१२ सालीं कोडॅकनें घेतली, तरी क्रमांक तेच राहिले. २५ हा गडद लाल, १२ पिवळा, ५८ हिरवा, ८०ए फिका निळा व ४७ जांभळा.

प्रत्येक ग्रहास कोणती कांच लावावी याचे तक्ते पाठ करण्यापेक्षां त्यामागील कारण समजून घेणें चांगलें. मंगळाची भूमि तांबूस आहे. लाल कांचेंतून ती उजळ दिसते व तिच्यावरील काळसर प्रदेश उठून येतात. त्याच मंगळावरील ढग व धुकें पाहावयाचें असेल तर निळी कांच घ्यावी, कारण निळ्या प्रकाशांत भूमि मंद होते व पांढरे ढग उजळ राहतात. गुरूचे पट्टे तांबूस-तपकिरी आहेत, म्हणून ते निळ्या किंवा हिरव्या कांचेंतून गडद दिसतात. शुक्र ढगांनीं पूर्ण झांकलेला असल्यामुळें साध्या डोळ्यांस त्याचें बिंब कोऱ्या कागदासारखें दिसतें; परंतु जांभळ्या व त्याहीपलीकडील अतिनील प्रकाशांत त्या ढगांवर अंधुक छटा उमटतात. म्हणजे एकाच ग्रहाचीं दोन कांचांतून घेतलेलीं दोन चित्रें अगदीं निराळीं दिसलीं, तरी त्यांपैकीं एकही खोटें नसतें. दोन प्रश्नांचीं तीं दोन उत्तरें होत. मात्र कोणता प्रश्न विचारला होता हेंच लिहून ठेविलें नाहीं, तर उत्तराचा उपयोग काय?

हें आम्ही दुसऱ्यास सांगतों तें स्वतः ठेंच खाऊन सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं घाटकोपर येथील एका गच्चीवर १५ सेंटिमीटर व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीनें आम्ही गुरूचीं चित्रें घेत होतों. हवा थरथरत होती. अशा वेळीं लाल प्रकाशांतील प्रतिमा निळ्यापेक्षां कमी हालते, म्हणून आम्हीं लाल कांच लाविली होती. थोड्या वेळानें पाहतों तों गुरूवरील प्रसिद्ध तांबडा डाग जेथें असावयास पाहिजे तेथें कांहींच नाहीं! हा डाग गेल्या शतकाहून अधिक काळ आकसत चालला आहे हें आम्हांस ठाऊक होतें. त्यामुळें तो आज मावळला अशी बातमी जमलेल्या मंडळींस सांगून आम्ही मोकळे झालों. मुलें गंभीर झालीं. तेवढ्यांत मुलुंडहून आलेली नववींतील एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, तांबड्या कागदावर तांबड्या पेन्सिलीनें काढलेलें चित्र तांबड्या कांचेंतून दिसेल का?" आम्ही निरुत्तर झालों. लाल कांच काढून फिकी निळी लाविली, आणि पट्ट्याच्या कांठावर तो अंडाकृति डाग काळपट होऊन पूर्ववत् हजर! त्या रात्रीं त्या मुलीनें आम्हांस जें शिकविलें तें आम्ही विसरलों नाहीं. पुढें घरीं येऊन वही उघडली, तेव्हां चित्रांपुढें कांचेचा रंगच लिहिला नसल्याचें आढळलें. ती मुलगी त्या रात्रीं बोलली नसती, तर वर्षानंतर तीं चित्रें पाहून आमची चूक आमच्याही ध्यानांत आली नसती.

आमच्यासारख्या हौशी माणसाची चूक एका गच्चीपुरती राहिली. परंतु मोठमोठ्या निरीक्षकांचेही डोळे फसले आहेत. १८७७ सालीं इटलीच्या स्कियापारेली यांस मंगळावर सरळ रेषा दिसल्या, आणि पुढें अमेरिकेंत लोवेल यांनीं ते बुद्धिमान प्राण्यांनीं खोदलेले कालवे होत असा पुष्कळ काळ आग्रह धरिला. १९६५ च्या जुलै महिन्यांत मरिनर ४ या यानानें मंगळाजवळून चित्रें पाठविलीं, तेव्हां त्यांत एकही कालवा नव्हता. मंगळावरील काळसर प्रदेश कित्येकांस हिरवट दिसत व तेथें वनस्पति असावी असा तर्क केला जाई. वास्तविक तो हिरवेपणा म्हणजे शेजारच्या नारिंगी रंगामुळें डोळ्यांस होणारा भास होता. आमच्या प्रदर्शनांतील मुलानें संगणकावर जो हिरवा रंग वाढविला, तो हाच भास! मंगळावर जें नाहीं तेंच त्यानें अधिक गडद केलें. याच्या उलट उदाहरण पाहा. १९२४ सालीं लिक वेधशाळेंतील राइट यांनीं मंगळाचीं चित्रें जांभळ्यापासून अवरक्तापर्यंत निरनिराळ्या रंगांच्या कांचांतून घेतलीं. एका टोंकाच्या चित्रांत भूमीवरील खुणा जवळजवळ लोपल्या, दुसऱ्या टोंकाच्या चित्रांत त्या स्पष्ट उमटल्या. दोन्ही चित्रें शेजारीं ठेवितांच मंगळाचें वातावरण हा कल्पनेचा नव्हे तर अभ्यासाचा विषय झाला. रंगीत कांचेचा उपयोग तो हा.

कोणी म्हणेल, हीं मोठ्या वेधशाळांचीं कामें. गच्चीवरच्या मुलांस त्यांचें काय? त्यांनीं शार्ल ब्वाये या फ्रेंच गृहस्थाची हकीकत ऐकावी. हे आफ्रिकेंतील ब्राझव्हिल येथें न्यायखात्यांत होते व आकाशनिरीक्षण हा त्यांचा फावल्या वेळचा छंद होता. १९५७ सालीं त्यांनीं आपल्या लहान दुर्बिणीस जांभळी कांच लावून शुक्राचीं चित्रें घेण्यास आरंभ केला. शुक्राच्या ढगांत अतिनील प्रकाशांत छटा दिसतात हें १९२७ सालीं रॉस यांनीं दाखविलें होतें. परंतु ब्वाये यांनीं चित्रें ओळीनें मांडलीं व त्यांवर दिवस लिहिले, तेव्हां चार दिवसांनीं तीच आकृति परत येते असें त्यांस आढळलें. पिक दु मिदी वेधशाळेचे कामिशेल यांनीं त्यांस साथ दिली. पुष्कळ विद्वानांनीं या म्हणण्यावर विश्वास ठेविला नाहीं. अखेर १९७४ च्या फेब्रुवारींत मरिनर १० या यानानें अतिनील प्रकाशांत चित्रें घेतलीं, आणि शुक्राचे वरचे ढग खरोखरच सुमारें चार दिवसांत त्या ग्रहाभोंवतीं फिरतात हें सिद्ध झालें. खालील घन ग्रहास स्वतःभोंवतीं फिरण्यास २४३ दिवस लागतात हें लक्षांत घेतलें म्हणजे या शोधाचें महत्त्व कळतें. एक लहान दुर्बीण, एक जांभळी कांच, आणि तारीख-वेळ लिहिण्याची संवय: यांपैकीं कोणती गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांच्या आवांक्याबाहेरची आहे?

प्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांस प्रश्न विचारण्याची रीत आपल्या महाराष्ट्रासही नवी नाहीं. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहण झालें, तेव्हां पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगांववाला यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें तळ ठोकून सूर्याच्या प्रभामंडलाच्या प्रकाशाचे रंगपट छायाचित्रांत उतरविले होते. त्यांच्या वेधशाळेंतील २० इंची दुर्बीण १९१२ नंतर कोडाइकनालला गेली. परंतु पुण्यांत १९४४ सालीं ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली आणि मुंबईंत वरळीस १९७७ सालीं नेहरू तारांगण उघडलें. अशा रीतीनें ही आवड एका पिढीकडून दुसरीकडे चालत आली आहे.

आतां एका रास्त आक्षेपाचा विचार केला पाहिजे. हल्लींचे रंगीत कॅमेरे एका दमांत सर्व रंग टिपतात. मग फिल्टरांची कटकट हवी कशाला? यास आमचें उत्तर असें कीं, रंगीत कॅमेऱ्यांतही फिल्टर असतातच, फक्त ते दिसत नाहींत. त्याच्या प्रकाशग्राही पट्टीवर सूक्ष्म रंगीत ठिपक्यांची जाळी बसविलेली असते. चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल व एक निळा. ही मांडणी कोडॅकमधील ब्राइस बेयर यांची; तिचें पेटंट १९७६ चें आहे. आपलें मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजीं मंगळाच्या कक्षेंत पोंचलें, तेव्हां त्यावरील रंगीत कॅमेऱ्यांतही अशीच जाळी होती. तेव्हां आम्ही रंगीत कॅमेऱ्यास नांवें ठेवीत नाहीं. ढगांच्या दोन पडद्यांमध्यें पांच मिनिटांची संधि मिळाली तर तो कॅमेराच उपयोगी पडतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्यानें आधीं वेगवेगळ्या कांचांतून पाहून प्रत्येक रंग काय सांगतो हें शिकून घेतलें आहे, त्यासच रंगीत चित्रांतील खरें कोणतें व भर घातलेलें कोणतें हें ओळखतां येईल.

पालकांस दोन शब्द व्यवहाराचे सांगणें जरूर आहे. सर्व कांचा एकदम घेऊं नयेत. कांच प्रकाश अडविते, म्हणून लहान दुर्बिणीस गडद कांच सोसत नाहीं. क्रमांक २५ ची कांच सुमारें १४ टक्के प्रकाश पुढें सोडते, ४७ ची अवघा ३ टक्के; उलट ८०ए सुमारें ३० टक्के व पिवळी १२ सत्तर टक्क्यांहून अधिक. ज्या घरीं दहा-बारा सेंटिमीटरची दुर्बीण आहे तेथें पिवळी व फिकी निळी एवढ्या दोन कांचा आरंभास पुरेत. पुढें फिकी लाल, क्रमांक २३ए, घ्यावी. या कांचा सव्वा इंची नेत्रभिंगाच्या तळाशीं आट्यांवर बसतात. पहिलें वर्षभर मुलानें नेत्रभिंगाशीं डोळा लावून पाहावें व पेन्सिलीनें चित्र काढावें. कॅमेरा दुसऱ्या वर्षीं. गुरूचें बिंब सर्वांत मोठें असतें तेव्हांही चंद्रबिंबाच्या सुमारें चाळिसाव्या हिश्शाएवढेंच असतें. तेवढ्या बारीक बिंबावर काय पाहावयाचें हें डोळ्यानें शिकल्यावांचून कॅमेऱ्यास कळणार नाहीं.

कांहीं गोष्टी आपापल्या जागेच्या आहेत. मुलुंडकरांस पश्चिमेस डोंगर आडवा येतो, म्हणून सायंकाळचा शुक्र त्यांनीं लवकर गांठावा. बोरिवलीकरांस तोच डोंगर पूर्वेस आहे, त्यांनीं उगवता ग्रह वर येईपर्यंत धीर धरावा. दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची सूर्यास्तानंतर दोन तास ऊब सोडीत राहते व प्रतिमा थरथरते. तोंपर्यंत दुर्बीण उघड्यावर नेऊन निवूं द्यावी. गुरु दहा तासांच्या आंत स्वतःभोंवतीं फिरतो, म्हणून लाल, हिरव्या व निळ्या कांचेंतून तीन चित्रें घेऊन तीं एकत्र करावयाचीं असल्यास तिन्ही तीन-चार मिनिटांत उरकावीं. नाहींतर एका रंगांतील डाग दुसऱ्या रंगांतील डागावर बसत नाहीं.

आणि एक गोष्ट निक्षून सांगतों. या रंगीत कांचा ग्रहांसाठीं आहेत, सूर्यासाठीं नव्हेत. कितीही गडद कांच असली, दोन-तीन एकावर एक बसविल्या, तरी दुर्बिणींतून सूर्याकडे पाहिल्यास डोळा क्षणांत कायमचा जाऊं शकतो. कांहीं जुन्या दुर्बिणींबरोबर नेत्रभिंगास लावण्याची 'सूर्याची' म्हणून एक काळी कांच येत असे. ती उष्णतेनें तडकते. अशी कांच घरांत असल्यास पालकांनीं ती आजच फेंकून द्यावी.

शेवटीं आमच्या सूचना दोनच. पहिली शाळेस: थंडीच्या महिन्यांत महिन्यांतून एक सायंकाळ शाळेची गच्ची उघडी ठेवावी, आणि चार रंगीत कांचांचा एक संच प्रयोगशाळेंत असावा, म्हणजे ज्यांस दुर्बीण घेण्याची ऐपत नाहीं त्यांसही हा लाभ होईल. दुसरी विद्यार्थ्यांस: प्रत्येक चित्राखालीं तारीख, वेळ, ठिकाण व कांचेचा क्रमांक लिहिल्यावांचून तें चित्र कोणास दाखवूं नये, आणि संगणकावर कांहीं फेरफार केला असेल तर तोही लिहावा. आमच्या मतें पुढील प्रदर्शनांत ज्या चित्राखालीं या ओळी नाहींत त्यास भिंतीवर जागा देऊं नये, मग तें कितीही सुंदर असो.

२००३ च्या ऑगस्टांत आणि २०१८ च्या जुलैंत मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला, पण दोन्ही वेळीं आपल्याकडे पावसाळा होता. १९ फेब्रुवारी २०२७ रोजीं मंगळ सूर्यासमोर येतो. तेव्हां त्याचें बिंब २०१८ च्या मानानें निम्म्याहून थोडेंच मोठें असेल, परंतु महिना कोरडा आहे व मध्यरात्रीच्या सुमारास तो आपल्या जवळजवळ डोक्यावर असेल. त्याच महिन्यांत गुरुही सूर्यासमोर येतो. त्या रात्रींपैकीं एखाद्या रात्रीं आमच्या कोणा विद्यार्थ्यानें लाल कांचेंतून एक व निळ्या कांचेंतून एक अशीं मंगळाचीं दोन साधीं, करडीं, कदाचित् थोडीं अस्पष्ट चित्रें काढून त्यांखालीं प्रामाणिकपणें चार ओळी लिहिल्या, तर भिंतीवरच्या साऱ्या रंगीबेरंगी मंगळांपेक्षां आम्हांस त्या दोन चित्रांचा अधिक अभिमान वाटेल.